सहाव्या वर्षाची दाढ: सीलंटचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रात, ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहणारं हे कुटुंब. वडील साखर कारखान्यात पाळीवर कामाला, आई घरी शिवणकाम करते, सोबत आजी आणि दोन मुलं. थोरला मुलगा तेरा वर्षांचा, धाकटी मुलगी पावणेसात वर्षांची, पहिलीत शिकणारी. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. सीलंट म्हणजे कीड लागू नये म्हणून दाढेच्या खाचा बुजवणारा पातळ थर.

मुलीला दवाखान्यात आणलं ते डावीकडची खालची दाढ दुखते म्हणून. रात्री रडत उठायची, त्या बाजूने घास चावायची नाही. आजी कापसाच्या बोळ्यावर लवंगेचं तेल लावून द्यायची, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. दाढेत मोठा खड्डा होता आणि त्यात आदल्या रात्रीचं जेवण अडकलेलं होतं. ही दुसरी दुधाची दाढ. गाल सुजलेला नव्हता, हिरडीवर पुवाची पुळी नव्हती, म्हणजे दाढ वाचवण्यासारखी होती.

खाणंपिणं विचारलं. सकाळी चहात बुडवून बिस्किटं किंवा खारी, शाळेच्या डब्याबरोबर बिस्किटाचा छोटा पुडा, दुपारी गूळ-शेंगदाणे, झोपताना साखर घातलेलं दूध. दात दिवसातून एकदा, सकाळी, स्वतःच्या हाताने घासायची. टूथपेस्ट लहान मुलांची, गोड वासाची. ट्यूबवर फ्लोराइड नसल्याचं ठळक अक्षरांत छापलेलं होतं आणि आईने ती नेमकी तेवढ्याचसाठी निवडली होती. लहान मुलांना फ्लोराइड वाईट, असं तिच्या कानावर आलं होतं.

या समजाच्या मागे थोडं तथ्य आहे, म्हणून तो उडवून लावता येत नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि तिथल्या मुलांच्या दातांवर त्याचे डाग दिसतात. पण या कुटुंबाचं पिण्याचं पाणी नदीच्या योजनेचं होतं. फ्लोराइड दातांना किडीपासून जपतं, म्हणून अशा मुलीला वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट न देण्यात तोटाच होता.

अडचण

दुखणारी दाढ समोर दिसत होती. माझं लक्ष तिच्या मागच्या दाढेकडे गेलं.

साधारण सहाव्या वर्षी तोंडात चार पक्क्या दाढा येतात, दोन वर आणि दोन खाली. त्या कोणत्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाहीत, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, रिकाम्या हिरडीतून वर येतात. समोरचा दात पडला की घरात सगळ्यांना कळतं, मुलं तो जपून ठेवतात. या दाढा येतात तेव्हा काहीच पडत नाही, म्हणून कुणाचं लक्षही जात नाही. त्या दुधाच्याच समजल्या जातात, आणि किडल्या तरी ‘पडतीलच’ म्हणून राहून जातात.

आजी तेच म्हणाल्या, “दुधाचंच दात हाईत की. पडणाऱ्या दाताला एवढा खर्च कशाला, मॅडम?”

मी आरसा आईच्या हातात दिला आणि मोजायला सांगितलं. समोरच्या मधल्या रेषेपासून मागे मोजत जायचं. पाच दात दुधाच्या ओळीचे, सहावा दिसला की तो पक्का. आईने बोट ठेवत मोजलं. सहाव्यावर थांबली आणि म्हणाली, “म्हणजे ही आता कधीच पडणार नाही?” माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हा होता. पुढचे निर्णय कुटुंबाने घेतले ते त्यानंतर.

चारही पक्क्या दाढांची अवस्था वेगवेगळी होती, आणि खरी गुंतागुंत तिथेच होती. वरची डावी पूर्ण आलेली, खाचा खोल पण स्वच्छ. खालची डावी पूर्ण आलेली. हवेने कोरडी केल्यावर मधल्या खाचेच्या कडेला खडूसारखा पांढुरका पट्टा आणि खाचेत तपकिरी रेघ दिसली, म्हणजे कीड सुरू झाली होती. खड्डा नव्हता. टोकदार प्रोब, म्हणजे दात तपासायची बारीक सळई, खाचेत रुतवून बघायची जुनी सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे, पण त्याने कमकुवत झालेलं इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) मोडू शकतं, म्हणून गोल टोकाचा प्रोब नुसता फिरवला. बाइटविंग एक्स-रेमध्ये (यात मागचे वरचे-खालचे दात एकत्र दिसतात) आतल्या थरात कीड उतरल्याची सावली नव्हती. खालच्या उजव्या दाढेच्या मागच्या अर्ध्या भागावर हिरडीची झडप होती. वरच्या उजव्या दाढेची जेमतेम पुढची दोन टोकं बाहेर आली होती.

दाढ अर्धवट बाहेर असताना किडीचा धोका सर्वांत जास्त असतो. इनॅमल अजून पुरतं पक्व झालेलं नसतं. दाढ शेजारच्या दातांपेक्षा खाली असते, त्यामुळे ब्रश तिच्यावरून निघून जातो. वरच्या-खालच्या दाढा एकमेकींना भिडत नाहीत, म्हणून चावण्याने होणारी सफाईही नाही. आणि खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस आत शिरतच नाही. घासण्यात कसूर नसली तरी खाचेचा तळ अस्वच्छ राहतो. मुलांच्या पक्क्या दातांतली बहुतेक कीड याच चावण्याच्या पृष्ठभागावरच्या खाचांत सुरू होते. २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १२ वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते.

या घरात त्याचा दाखला होताच. थोरल्या मुलाची खालची उजवी पहिली पक्की दाढ अकराव्या वर्षी काढावी लागली होती. रूट कॅनाल आणि कॅपचा खर्च तेव्हा झेपण्यासारखा नव्हता. आता मागची दाढ त्या रिकाम्या जागेत कलायला लागली होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय कुटुंबाच्या मनात होता तो: दुखणारी दाढ बरी करून द्या, बाकीचं पुढे बघू. पैसे आणि वेळ दोन्ही वाचले असते. पण खालच्या डाव्या दाढेत कीड सुरू झालेली होती आणि खाणं, ब्रश, लाळ यातलं काहीच बदललेलं नव्हतं. थांबणं म्हणजे भावाच्या वाटेने जाणं, असं मी आईला स्पष्ट सांगितलं.

दुसरा, दर तीन महिन्यांनी फक्त फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप. ब्रशने लावायचं, मिनिटभराचं काम, कोरडेपणाची फारशी गरज नाही. मूल घाबरट असेल किंवा दाढा अर्धवट असतील तर फार उपयोगी. पण पुन्हा पुन्हा यावं लागतं, आणि इतक्या खोल खाचांत केवळ त्याच्यावर विसंबणं मला पटत नव्हतं.

तिसरा, तपकिरी खाच ड्रिलने उघडून तिथे फिलिंग करायचं. एके काळी हेच केलं जायचं. पण एकदा इनॅमल कापलं की परत येत नाही. फिलिंग झिजतं, बदलताना दरवेळी थोडी आणखी दाढ जाते. खड्डा न पडलेली सुरुवातीची कीड सीलंटखाली बंद केली तर तिला साखर मिळत नाही आणि ती थांबते, याला चांगला पुरावा आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशन आणि तिथल्या बालदंतवैद्यकांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत निरोगी दाढांबरोबरच अशा दाढांनाही सीलंट लावण्याची शिफारस आहे.

चौथा, चारही दाढांना एकाच दिवशी रेझिनचं, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रव्याचं सीलंट. एका खेपेत काम संपतं, आणि वडिलांची एक सुट्टी जाते म्हणून त्यांना हाच हवा होता. पण रेझिनला पूर्ण कोरडी दाढ लागते. हिरडीच्या झडपेखालून सतत ओल येत असताना लावलेलं रेझिन टिकत नाही. लावल्याचं समाधान मिळतं, आणि कड उचलली गेली की त्याखाली अन्न अडकतं.

पाचवा पर्याय दाढेगणिक निर्णय घेण्याचा होता. पूर्ण आलेल्या दोन दाढांना रेझिन. झडप असलेल्या दाढेला तात्पुरतं ग्लास आयोनोमर, हे एक प्रकारचं दातांचं सिमेंट. ते ओल सहन करतं आणि फ्लोराइड सोडतं, पण रेझिनइतकं टिकत नाही. जेमतेम डोकावणाऱ्या दाढेला व्हार्निश आणि वाट. हाच ठरला.

वडिलांचा एक आक्षेप राहिला. त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं की सीलंट म्हणजे प्लास्टिक, आणि त्यातून शरीराला अपायकारक रसायन जातं. प्रश्न रास्त होता. बरीचशी रेझिन सीलंट ज्या घटकापासून बनतात त्यातून बिसफेनॉल-ए चा अत्यल्प अंश लावल्यानंतर थोडा वेळ लाळेत आढळू शकतो. ते प्रमाण फार कमी असतं, आणि लावून झाल्यावर वरचा न घट्ट झालेला पातळ थर कापसाने पुसून तोंड धुतलं की आणखी कमी होतं. हे त्यांना सांगितलं आणि पुसताना दाखवीनही म्हटलं. पद्धत नवी नाही, हेही सांगितलं. इनॅमलवर आम्ल लावून रेझिन चिकटवता येतं हे मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवलं, आणि सीलंट १९७० च्या दशकापासून वापरात आहेत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या माहितीप्रमाणे मागच्या दातांतल्या किडीपैकी सुमारे ८० टक्के कीड सीलंटमुळे पहिली दोन वर्षं टळते, चार वर्षांपर्यंत सुमारे ५० टक्के. शंभर टक्के कधीच नाही, हेही त्याच दमात सांगितलं.

काय केलं

आधी काय करायचं, यावरच बराच विचार झाला. आईला दुखणारी दाढ त्याच दिवशी पूर्ण करून हवी होती. पण त्यासाठी सुई द्यावी लागणार होती, आणि पहिल्याच भेटीत सुई टोचलेलं मूल पुढे सीलंटसाठी शांत तोंड उघडेल याची खात्री नसते. म्हणून पहिल्या दिवशी खड्डा हलक्या हाताने साफ करून औषधी सिमेंट भरलं, ठणका थांबवला, आणि सगळ्या दातांना व्हार्निश लावलं. त्या रात्री ब्रश करायचा नाही, कडक खायचं नाही, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या भेटीत आधी सीलंट. यात टोचणं नाही, ड्रिल नाही, म्हणून मुलीची खुर्चीशी ओळख करून द्यायला ते सोयीचं. दाढेला रेनकोट घालायचा आहे, एवढं तिला सांगितलं होतं. तिला सक्शनचा आवाज सहन होईना, तेव्हा नळी आधी तिच्या तळहातावर लावून दिली. हात ओढला जातो म्हटल्यावर ती हसली.

वरची डावी दाढ सरळ पार पडली. ब्रशने खाचा साफ केल्या, गालाकडे आणि जिभेकडे कापसाच्या वळ्या, मग निळी ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाची जेल. साधारण अर्ध्या मिनिटाने भरपूर पाण्याने धुऊन हवेने सुकवल्यावर इनॅमल पांढरं, निस्तेज दिसलं. तसं दिसेपर्यंत पुढे जायचं नसतं. मग सीलंटचा पातळ थर खाचेतून ओढत नेला, बुडबुडा राहू दिला नाही, आणि निळ्या प्रकाशाने घट्ट केला. वरच्या पहिल्या दाढेला टाळूच्या बाजूलाही एक खाच असते आणि ती हमखास राहून जाते. तीही भरली.

खालच्या डाव्या दाढेवर मात्र जेल धुऊन सुकवत असतानाच मुलीने जिभेने कापूस ढकलला आणि लाळ थेट दाढेवर आली. डोळ्यांना दाढ कोरडीच दिसत होती, मूल कंटाळलेलं होतं, बाहेर रांग होती. अशा वेळी तसंच सीलंट ओतून टाकायचा मोह होतो. पण लाळेचा एक थर लागला की रेझिन चिकटत नाही. कापूस बदलला, पुन्हा जेल लावली, पुन्हा धुतलं, सुकवलं आणि मगच सीलंट लावलं. गालाकडच्या बारीक खड्ड्यातही लावलं. शेवटी वरचा थर वडिलांसमोर पुसला आणि प्रोबने ओढून कड उचलत नाही ना, ते पाहिलं. चावताना कुठे उंच लागत होतं तेवढं घासलं.

उजव्या खालच्या दाढेवर ग्लास आयोनोमर ठेवून, पेट्रोलियम जेली लावलेल्या बोटाने खाचेत दाबून बसवलं. याला प्रकाशाचं यंत्र लागत नाही. शाळेच्या बाकावर बसवून शिबिरातही ते करता येतं.

दुखणाऱ्या दुधाच्या दाढेचं काम त्यानंतरच्या भेटीत झालं: सुई देऊन दाढेच्या वरच्या भागातली खराब नस काढली आणि स्टीलची कॅप बसवली. ती काढून टाकावी, असं आजींचं मत होतं. पण तिच्या जागी येणारा पक्का दात दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान येतो. तोवर जागा मोकळी राहिली असती तर मागची पक्की दाढ पुढे सरकली असती.

घरासाठी मोजक्याच गोष्टी सांगितल्या. १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, दिवसातून दोनदा. रात्रीचा ब्रश आईच्या हाताने, मागची दाढ आडवा ब्रश धरून. पेस्ट थुंकायची, चूळ भरायची नाही. दूध ब्रशच्या आधी. बिस्किटं बंद करा असं म्हटलं नाही. खायची तेव्हा जेवणाबरोबर खावीत, मधल्या वेळेत नको, एवढंच मागितलं.

पुढे काय झालं

तीन महिन्यांनी सगळं जागेवर होतं. त्यानंतरची भेट चुकली. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, वडिलांच्या पाळ्या बदलल्या, आणि मुलीला दवाखान्यात आणायला घरात कुणी मोकळं नव्हतं. दुखत नसताना कोण येणार? हंगाम संपल्यावर आले तेव्हा खालच्या डाव्या दाढेच्या सीलंटचा मागचा तुकडा निघालेला होता, आणि गालाकडच्या खड्ड्यातलं पूर्ण गेलं होतं. ज्या दाढेवर लाळ आली होती तीच ही दाढ. खाली नवी कीड नव्हती. उघड्या पडलेल्या भागावर पुन्हा आम्ल, पुन्हा सीलंट. दहा मिनिटांत काम झालं. उजवीकडचं ग्लास आयोनोमर झिजून खाचेच्या तळाशी उरलं होतं, पण हिरडी मागे सरली होती आणि खाच स्वच्छ होती. तिथे आता रेझिन लावता आलं. वरची उजवी दाढ पूर्ण यायला आणखी काही महिने लागले. आल्याबरोबर तिलाही सीलंट लागलं.

सुरुवातीपासून दोन वर्षांनी चारही पक्क्या दाढा खड्ड्याविना आहेत. तपकिरी रेघ सीलंटखाली तशीच आहे, एक्स-रेमध्ये वाढ नाही. स्टीलची कॅप जागेवर आहे. पण वरच्या दोन दुधाच्या दाढांच्या मधल्या फटीत नवी कीड निघाली. सीलंट चावण्याच्या पृष्ठभागाचं रक्षण करतं, दोन दातांमधल्या जागेचं नाही. तिथे फ्लोराइड, दोरा आणि खाण्याच्या वेळाच कामी येतात, आणि झोपतानाचं गोड दूध काही पूर्ण सुटलेलं नव्हतं. फिलिंग करावं लागलं.

वेगळं काय करता आलं असतं

पुढच्या तपासणीची तारीख ‘सहा महिन्यांनी’ अशी न देता घराच्या कॅलेंडरवर बसवायला हवी. ऊसपट्ट्यात गळीत हंगामातली तारीख म्हणजे न येण्याची तारीख. आता अशा कुटुंबांना दसऱ्याच्या आसपास, हंगाम सुरू होण्याआधी, आणि मे महिन्याच्या सुट्टीत बोलावणं हेच योग्य वाटतं. सीलंट लावणं सोपं. त्याचा तुकडा निघाला की वेळेत कळणं अवघड, कारण ते निघताना दुखत नाही. पांढऱ्या किंवा फिकट रंगाचं सीलंट यासाठी पारदर्शकापेक्षा बरं, आईलाही टॉर्चच्या उजेडात दिसतं.

खालच्या डाव्या दाढेबाबत दुसराही रस्ता होता. लाळ आल्यावर त्या दिवशी तिथेच थांबून ग्लास आयोनोमर लावायचं आणि रेझिन पुढच्या भेटीवर ढकलायचं. दोन्ही रस्ते चुकीचे नाहीत. मूल दमलेलं असेल तर मी दुसऱ्या रस्त्याकडे झुकेन. कुटुंब पुन्हा येईल याची शाश्वती नसेल तर पहिल्याकडे.

भावाची दाढ काढली तेव्हा बहीण पाच वर्षांचीही नव्हती. थोरल्याची पक्की दाढ गेली की धाकट्या भावंडांना त्याच महिन्यात तपासायला हवं, आणि सहाव्या वर्षी पुन्हा आणा असं लिहून द्यायला हवं. घरातलं खाणं, पेस्ट, सवयी सारख्याच असतात.

शाळेतल्या तपासणीतही हे बसवता येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, आणि त्यात शोधायच्या आजारांत दातांची कीडही आहे. पहिलीच्या वर्गात किडलेले दात मोजताना सहाव्या वर्षाची दाढ आली आहे का आणि तिच्या खाचा खोल आहेत का, एवढं नोंदवलं तर मूल दुखण्याआधी पुढे पाठवता येईल. सरकारी दंत महाविद्यालयांत किंवा जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात चौकशी केली तर खाजगी दवाखान्यापेक्षा खर्च कमी येतो.

आणि त्या थोरल्या मुलाच्या तोंडात कुणी तरी पाहायला हवं होतं. दुसऱ्या पक्क्या दाढा बाराव्या वर्षाच्या सुमारास येतात, म्हणजे त्याच्या नुकत्याच आल्या होत्या. तो बहिणीबरोबर येऊन बाकावर बसला होता, सहज बोलावून पाहिलं. चारपैकी दोन दाढांच्या खाचा शाबूत होत्या, त्यांना त्याच दिवशी सीलंट लावलं. उरलेल्या दोन्हींमध्ये खड्डा पडलेला होता, तिथे फिलिंग करावं लागलं. बहिणीच्या फाइलवर तिच्या बाराव्या वर्षाची नोंद आत्ताच करून ठेवली आहे.